शेऱ्याचा रकाना

शेवटच्या बाकावर बसायचं असतं आम्ही,
बाक मुलांच्या मापाचा, गुडघे हनुवटीला.
मांडीवर निरीक्षणाचा तक्ता:
प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन,
आवाजाचा चढउतार, भाषेची शुद्धता,
आणि तळाला शेरा, दीड ओळीचा.
एकूण गुण पंचवीस.

विडी घरकुलातली शाळा, मार्चमधले साडेअकरा.
पत्रा तापल्याचा आवाज येतो इथे,
टक्, टक्,
वर कुणी खडू मोडत बसल्यासारखा.

लावण्या इराबत्ती, रोल नंबर सदतीस.
आजचा घटक शेकडेवारी.
टाचण मी कालच तपासलंय,
तीन दुरुस्त्या लाल शाईत, खाली सही.
आमराईतले शंभर आंबे, त्यातले वीस नासके,
हे उदाहरण मीच सुचवलेलं.
या वर्गात आमराई पाहिलीय कुणी,
हे काही विचारलं नव्हतं मी स्वतःला.

साडी सक्तीची. सात पिना लावून ती उभी.
आंबे फळ्यावर नासत राहिले.
तिसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली,
अर्थम् कालेदु, अक्का.

लावण्याने माझ्याकडे पाहिलं.
पाठ चालू असताना परीक्षकाकडे पाहू नये,
जुलैतच सांगून झालंय हे.
मी चेहरा कोरा ठेवला.
त्याचाही सराव असतो.

मग तिने डस्टर घेतलं, आंबे पुसले,
लिहिलं: हजार विड्या.
पुढचं सगळं तेलुगूत, मध्ये मराठी, एकदा कन्नडसुद्धा.
आई दिवसाला किती वळते,
चेकर त्यातल्या किती छाटतो,
हजारात पन्नास, तर शंभरात किती?
वर्ग उभाच राहिला.
पाच, अक्का, पाच!
आमच्याकडं सात!
आमची दहा गेली, पानं ओली होती त्या दिवशी.

तीच मुलगी, या वेळी मराठीत, शब्द निवडत:
पण छाटलेल्या विड्या परत देत नाहीत ते.
त्या विकतात.
त्या कशात धरायच्या?

पंखा फिरत होता. तीन मिनिटं उरली होती.
टाचणात याचं उत्तर नव्हतं.
माझ्याकडे असायचा प्रश्नच नव्हता.
लावण्या म्हणाली,
मला माहीत नाही. आईला विचारते. तूही विचार.
आणि खडू खाली ठेवला.

तेरा वर्षं मी शिक्षक घडवते, असं निरोपसमारंभात बोलतात.
तासिकेवर आहे. दिवाळीच्या महिन्यात पगार रोडावतो.
गेल्या तीन तुकड्यांतले अकराजण शाळेत लागले.
एकाचं सात रस्त्याला मोबाइलचं दुकान आहे,
मला काचेवर काच फुकट लावून देतो, मॅडम म्हणतो.
बाकीचे भरतीची वाट बघतात
आणि मधल्या वेळात लग्न करतात.
शेकडा किती,
हे कधी काढलं नाही मी,
गणित माझाच विषय असून.

कट्ट्यात विड्या पंचवीस असतात.
हे मला त्या दिवशी कळलं, सोलापुरात जन्म जाऊन.
चेकरही असाच बसत असेल,
जरा बऱ्या खुर्चीत.

घंटेनंतर ती वही घेऊन आली.
मॅडम, भाषा चुकली.
मी म्हटलं, अर्थम् म्हणजे अर्थच ना?
हो.
आणि कालेदु?
झाला नाही.
दोघी थोडं हसलो, मग थांबलो.
शुद्धतेपुढचा रकाना मी मुडपून टाकला,
पण तक्ता पाच वाजेपर्यंत विभागात द्यायचा होता,
म्हणून गुण भरले. किती, ते सांगत नाही.
शेरा राहिला.

परवा जिन्यात भेटली.
सबमिशनच्या फायलींचा गठ्ठा छातीशी,
बोटाला तंबाखूचा पिवळा डाग,
रात्री आईला हात देत असणार.
म्हणाली, विचारलं मॅडम आईला.
मग?
आई आधी काही बोललीच नाही.
सूप बाजूला ठेवलं तिनं,
आणि म्हणाली,
हे शिकवतात का गं तुमच्यात?